एकाच्या हातातील किल्ली

इतिहासाच्या अभ्यासकाला प्रतींचे महत्त्व सांगावे लागत नाही. कोणती प्रत कोणी आणि कशावरून उतरवली, हे कळल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही. हाच धडा पन्नाशीनंतर मी आपल्या विद्यालयाच्या संगणक कक्षात पुन्हा गिरवला.

वसतिगृहातील राउटर जुने झाले होते. त्यांना सुरक्षा-सुधारणा मिळणे बंद झाले होते. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांत 'ओपनडब्ल्यूआरटी' ही मुक्त कार्यप्रणाली बसवली. २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीने 'डब्ल्यूआरटी५४जी' या राउटरमधील लिनक्सवर आधारित मूळ संहिता जीपीएल परवान्यानुसार खुली केली आणि २००४ मध्ये त्यातून हा प्रकल्प उभा राहिला. बंद दारामागचे ज्ञान सर्वांसाठी खुले होणे, हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

राउटरची स्मृती तुटपुंजी असल्याने त्याच्यावरच कार्यप्रणालीची बांधणी होत नाही. ती मोठ्या संगणकावर करावी लागते. आधी राउटरच्या प्रोसेसरसाठी भाषांतर करणारी अवजारे तयार होतात, मग कर्नल, मग पॅकेजेस आणि शेवटी त्या-त्या मॉडेलची इमेज. हे काम ठरल्या वेळी आपोआप व्हावे म्हणून त्याने एका जुन्या संगणकावर 'बिल्डबॉट' बसवला. कोणती पायरी कुठे अडली, याची नोंद तो ठेवतो. रोज सकाळी हिरवी खूण पाहायची, एवढेच माझे काम होते.

एका सकाळी खूण लाल दिसली. डिस्क भरल्यामुळे बांधणी थांबली होती. उपाय साधा होता. पण संकेतशब्द केवळ त्या विद्यार्थ्याकडे होता आणि तो रुग्णालयात होता. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे ते दिवस. सुरक्षा-सुधारणेविना राउटर सुरू ठेवणे धोक्याचे आणि बंद ठेवणे अशक्य. तीन आठवडे आम्ही हतबल होतो. दोष त्याचा नव्हता. त्याने शिकवू म्हटले, तेव्हा "तू आहेस ना" असे म्हणणारा मीच होतो.

पुढे वाचताना कळले की, खुद्द या प्रकल्पानेही असा प्रसंग अनुभवला आहे. पायाभूत यंत्रणेची बेभरवशाची स्थिती आणि निर्णयांतील पारदर्शकतेचा अभाव, अशा कारणांनी २०१६ मध्ये काही विकासक वेगळे झाले आणि त्यांनी 'लेडे' प्रकल्प सुरू केला. २०१८ मध्ये दोन्ही प्रवाह पुन्हा एकत्र आले. नाव जुने राहिले, नियम मात्र नव्यांचे स्वीकारले गेले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत भिक्खू संघाच्या ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीच्या नियमांचे स्मरण करून दिले होते, ते मला आठवले. संघ टिकतो तो सर्वांना ठाऊक असलेल्या नियमांवर. एकट्याच्या कर्तबगारीवर नव्हे.

तो बरा होऊन आल्यावर आम्ही सारी कृती वहीत मराठीत उतरवली. नंतर त्याने मुद्दाम संगणक कोरा केला आणि वही नववीच्या दोन मुलींच्या हाती दिली. आम्ही दोघे व्हरांड्यात बसलो. त्यांनी संहितेची तीच आवृत्ती घेऊन रात्रभर बांधणी चालवली. सकाळी नव्या इमेजची 'एसएचए२५६' बेरीज त्यांनी जुन्या बेरजेशी अक्षर-अक्षर ताडून पाहिली. एकीने वाचायचे, दुसरीने तपासायचे. पहिल्या संगीतीत भिक्खूंनी एकत्र बसून धम्म आणि विनय यांचे संगायन केले, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढे आले.

चौसष्टही अक्षरे जुळली.

विद्यालयाच्या संस्थापक पिढीतील फार थोडे जण आज आपल्यात आहेत. त्यांच्याकडे ज्या किल्ल्या आहेत, त्यांची वही आपण लिहून घेतली आहे काय? एहिपस्सिको म्हणणाऱ्यांनी एवढे तरी स्वतःला विचारावे. संगणक कक्षातील वही आता कपाटात नाही, टेबलावर असते. यंदा ती आठवीच्या मुलांकडे आहे.