कडू दूध

मी तेव्हा सहावीत होतो. आमचे घर बार्शीत आणि थोडेसे शेत गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांजवळ. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे तेव्हा तेथून धावत असे. अरुंद रुळांवरची ती छोटी गाडी आम्ही मुले रोज पाहत असू. आता तेथे रुंद रूळ आले आहेत.

दादीने एक शेळी पाळली होती. शाळा सुटल्यावर तिच्यासाठी गवत आणण्याचे काम माझ्याकडे होते. एके दिवशी मला खेळायला जायची घाई होती. रुळांच्या कडेला कमरेएवढी हिरवीगार झाडे वाढली होती. पाने गाजराच्या पानांसारखी आणि फुले चांदण्यांसारखी, बारीक, पांढरी. पाच मिनिटांत माझा भारा तयार झाला! मी खूश झालो.

शेळीने मात्र भारा हुंगला आणि तोंड फिरवले. मग मी एक युक्ती केली. पाला बारीक करून कडब्यात मिसळला. बिचारी भुकेली होती, तिने खाल्ले. दोन-तीन दिवस मी असेच केले.

एका सकाळी दादीने चहाचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. दूध कडू लागत होते. तिने विचारले, "बेटा, शेळीला काय घातलेस?" मी मान खाली घातली. दादी एवढेच म्हणाली, "जे जनावर तोंडाला लावत नाही, ते त्याला फसवून घालू नये."

मी उरलेला भारा उचलून उकिरड्यावर टाकला. मला वाटले, गोष्ट संपली.

पण ती संपली नव्हती. उन्हाळ्यात उकिरड्यातले खत शेतात गेले. आमच्याकडे ज्वारी रब्बीची, म्हणून पावसाळ्यात रान मोकळे असते. त्या वर्षी पावसाने उघडीप दिली नाही. वाफसा नसल्यामुळे कुळवाची पाळी घालता आली नाही. पाहता पाहता सगळे रान पांढऱ्या फुलांनी भरून गेले. अब्बा म्हणाले, "एवढे बी आले कुठून?" मी रडत रडत सगळे सांगितले. अब्बा रागावले नाहीत. म्हणाले, "चूक कळली ना? मग उद्या माझ्याबरोबर चल."

आम्ही उघड्या हातांनी झाडे उपटू लागलो. चौथ्या दिवशी अब्बांच्या हातांवर आणि मानेवर पुरळ उठले. डोळे लाल झाले. रात्री त्यांना धाप लागली. डॉक्टरांनी त्या गवताला हात लावायचा नाही, असे बजावले. पेरणी तोंडावर आली होती आणि अब्बा अंथरुणावर होते. माझ्या आळसाची किंमत ते मोजत होते.

शाळेत विज्ञानाच्या सरांनी आम्हांला या गवताची माहिती सांगितली. याचे नाव गाजर गवत. कोणी त्याला चटकचांदणी म्हणतात. ते मूळचे मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातले. पुण्यातील त्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असावे, असे मानतात. एक झाड हजारो बिया टाकते. मी विचारले, "सर, परदेशी झाडे वाईट असतात का?" सर हसले. "अरे, मिरची, मका, भुईमूग, पेरू हीही अमेरिकेतूनच आली. ती आपलीच झाली. पण गाजर गवताला खाणारे किडे त्याच्या मायदेशातच राहिले. येथे त्याला आवरणारे कोणी नव्हते."

असा एक किडा पुढे आपल्या देशात आणला गेला. मेक्सिकोतला तो भुंगा शास्त्रज्ञांनी आधी तपासला आणि १९८४ साली बंगळूरला मोकळा सोडला. पावसाळ्यात तो या गवताची पाने खातो. पण तो एकटा पुरत नाही.

त्या वर्षी शेजारच्या शेताचे आबा आपली बैलजोडी घेऊन आले. अब्बा संकोचले. आबा म्हणाले, "भाई, माझ्या बांधावरही हीच झाडे आहेत. वाऱ्याला आणि पाण्याला तुमचा बांध कोणता, माझा कोणता, हे कळते का?" पुढच्या पावसाळ्यात दोन्ही घरांनी मिळून काम केले. हाताला जाड कापड बांधून, फुले येण्याआधीच आम्ही रोपे मुळासकट उपटली. फुले नसलेल्या झाडांचे चांगले खत होते, हेही तेव्हा कळले.

मुलांनो, ही केवळ बार्शीची गोष्ट नाही. २०२३ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. माणसामुळे ३७,००० हून अधिक जातींचे जीव नव्या प्रदेशांत जाऊन रुजले आहेत, असे त्यात म्हटले आहे. त्यांतल्या ३,५०० हून अधिक जाती अपायकारक आहेत. अशा जातींचा नवा शिरकाव २०३० पर्यंत निम्म्याने कमी करायचा, असे २०२२ साली मॉन्ट्रियलच्या परिषदेत देशांनी ठरवले. त्यासाठी बंदरावर आलेले धान्य, रोपे, लाकूड नीट तपासावे लागते. आणि आपला उकिरडाही!

आज दादी नाही, अब्बाही नाहीत. शेत आहे. बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, म्हणून पहिल्या पावसानंतर गाजर गवताची रोपे अजूनही डोके वर काढतात. मी हातमोजे घालून बांधावर जातो. पलीकडून आबांचा नातू येतो. फुले येण्याआधी आम्हांला दोन्ही बाजू साफ करायच्या असतात. काम झाल्यावर बांधावर बसून आम्ही चहा पितो. पहिला घोट घेताना मला दरवेळी दादीची आठवण येते.