टायर खरा, गाडी संगणकातली

पालीच्या तिठ्यावर कोल्हापूरचा रस्ता मुंबई–गोवा महामार्ग सोडून साखरप्याकडे, पुढे आंबा घाटाकडे वळतो. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की इथले ड्रायव्हर दोन दिवस जपून चालवतात. उन्हाळाभर साचलेलं तेल, झिजलेलं रबर आणि जांभ्याची तांबडी धूळ पाण्यात कालवून रस्त्यावर बुळबुळीत साय धरते. जोराचा पाऊस तिला धुऊन नेतो, तोवर धोका.

या तिठ्याजवळ वाढलेला एक इंजिनीअर पुण्यात टायर तपासतो. त्याच्या यंत्रावर गाडी नसतेच. खाली खरखरीत कागद चिकटवलेला पोलादी पट्टा धावतो, वर एकच टायर दाबलेला. वजन बदलायचं, हवा बदलायची, चाक अंशाअंशाने तिरकं करायचं आणि बाजूला किती जोर निघतो ते मोजायचं. जोर आधी भराभर चढतो, काही अंशांवर शिगेला पोचतो, मग ओसरतो. डेल्फ्टच्या हान्स पाचेयका यांनी १९८०च्या दशकात सहकाऱ्यांसह हा चढउतार एका सूत्रात बसवला. त्याला ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात, पण त्यातले आकडे अशाच मोजणीतून येतात.

तापलेलं रबर आणि गार रबर रस्ता सारखा धरत नाही. सूत्रात हा फरक मावत नाही.

म्हणून टायर खरा ठेवतात आणि गाडी संगणकात चालवतात. एखाद्या वळणावर डाव्या चाकावर किती वजन, किती तिरकेपणा, हे संगणक ठरवतो. यंत्र ते टायरवर लादतं. टायरचा जोर संगणकातल्या गाडीला परत मिळतो. पण अवजड यंत्र हुकमापेक्षा किंचित मागे पडतं आणि तेवढ्यानेही हिशेब डगमगतो. मग तेच वळण पुन्हा पुन्हा घेतात. एका फेरीत नोंदलेला जोर पुढच्या फेरीला द्यायचा, दोन्हीकडचे आकडे जुळेपर्यंत. बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल. या इंजिनीअरला मात्र आकडे जवळ येताना पाहण्यात खरा आनंद आहे.

एका गोष्टीवर तो अडून बसतो. पट्ट्यावरचा कागद कोरडा असतो, म्हणून ओल्या रस्त्यासाठी पकड एका गुणकाने कमी धरतात. चाचणी मैदानावर पाणी सोडून तो गुणक काढता येतो, पण त्या स्वच्छ पाण्यात पालीची धूळ नसते. यंदा मे महिन्यात गावाहून परतताना आंब्याच्या पेट्यांशेजारी त्याने महामार्गाच्या कडेची तांबडी धूळ पिशवीत भरून नेली. ती ओली करून डांबराच्या तुकड्यावर पसरायची आणि झुलत्या लोलकाला लावलेलं रबर तिच्यावरून घासून पाहायचं, असं त्याने ठरवलं आहे.