चांगीचें लांकडी प्रार्थनामंदिर

इतिहासाच्या तासास मुलें मला लढायांचे सन चटकन् सांगतात. कोण जिंकलें व कोण हरलें हेंही त्यांस पाठ असतें. परंतु हरलेल्यांचें पुढें काय झालें, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. म्हणूनच हरलेल्या शिपायांनीं बांधलेल्या एका लहानशा लांकडी मंदिराची हकीकत येथें सांगावीशी वाटते.

ता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर जपानी सैन्याच्या हातीं पडलें. हिंदी शिपायांस निराळें काढून १७ तारखेस फॅरर पार्कच्या मैदानावर जमविण्यांत आलें. सुमारें ५०,००० ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शिपायांस बेटाच्या पूर्व टोंकाकडील चांगी येथें पायीं नेण्यांत आलें. तेथें पहिल्याच वर्षीं कांहीं बंदिवानांनीं एका रिकाम्या मशिदींत उपासना सुरू केली.

पुढें एप्रिल १९४३ मध्यें सुमारें ७,००० बंदिवानांची एक तुकडी सयाम व ब्रह्मदेश यांस जोडणाऱ्या रेल्वेच्या कामावर धाडण्यांत आली. त्यांतील ३,००० हून अधिक लोक रोगानें व उपासमारीनें मेले. उरलेल्यांपैकीं बहुतेक वर्षअखेरीस चांगीस परतले. मे १९४४ मध्यें छावणी चांगीच्या तुरुंगांत व त्याच्या भोंवतालीं हलविली गेली. तो तुरुंग बांधला होता अवघ्या ६०० कैद्यांकरितां! त्याच वर्षीं तेथें हें मंदिर उभें राहिलें. वेदीवर लांकडी छप्पर, आणि समोर बसणाऱ्यांच्या डोक्यावर आकाश, एवढाच त्याचा थाट.

ही हकीकत वर्गांत सांगितली असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, मूठभर भातावर दिवस काढणाऱ्यांनीं ही शक्ति राखून कां ठेविली नाहीं?" प्रश्न रास्त होता. बेरीबेरीनें ज्यांचे पाय सुजले, त्यांस एक एक फळी उचलणें जड होतें. मीं त्यास इतकेंच सांगितलें कीं, दिवसाचें इतर काम हुकुमाचें होतें. हें मात्र त्यांचें स्वतःचें होतें. ज्याच्याजवळ स्वखुशीनें करावयाचें एक तरी काम उरलें आहे, तो पुरता बंदिवान नव्हे.

युद्ध संपल्यावर मंदिर सुटें करून ऑस्ट्रेलियास नेण्यांत आलें. सुमारें चाळीस वर्षें त्याचीं लांकडें कोठारांत पडून होतीं. अखेरीस कॅनबेरा येथील डंट्रून लष्करी विद्यालयाच्या आवारांत तें पुन्हां उभारून १५ ऑगस्ट १९८८ रोजीं युद्धबंदींचें राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण करण्यांत आलें. १९४५ सालीं याच तारखेस जपानची शरणागति जाहीर झाली होती. आणि आपणांस तर ही तारीख स्वातंत्र्यदिन म्हणून प्रिय आहे. जपानच्या कैदेंत पडलेल्या सुमारें २२,००० ऑस्ट्रेलियन लोकांपैकीं ८,००० हून अधिक घरीं परतले नाहींत. सिंगापुरांतही १९८८ मध्यें अशाच एका मंदिराची प्रतिकृति बांधली गेली. २००१ पासून ती चांगी येथील संग्रहालयांत आहे.

जयस्तंभ तर सर्वच राष्ट्रें उभारितात. परंतु जेथें तरुण लढावयास शिकतात, तेथेंच पराभूतांनीं बांधलेलें मंदिर जपून ठेवावें, यांत मला मोठें शहाणपण दिसतें. बाळांनो, हार तुमच्याही वांट्यास केव्हां तरी येईल. तेव्हां गेलेल्याचा शोक आवरून, हाताशीं उरलेल्या लांकडांतून काय उभारतां येईल, हें पाहावें.