अर्धा रेडिओ जित्ता

अकोल्यात टिळक रोडच्या आतल्या एका बोळात रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. एक टेबल, सोल्डरिंगच्या राळेचा वास, आणि भिंतीशी रचलेले मर्फी-फिलिप्सचे सांगाडे. मालकाला तोंडावर सगळे 'रेडिओवाले भाऊ' म्हणत. पाठीमागे म्हणत, "किडा हाये थो!" कारण दुरुस्त झालेला रेडिओही हा माणूस लगेच परत देत नसे. तो का बिघडला, हे त्याला कळायला हवं असे. बाळापूर-पातूरकडच्या शेतकऱ्याला आकाशवाणी नागपूरचा शेतीचा कार्यक्रम ऐकायचा असायचा. कारणाशी त्याला काय घेणंदेणं? दोन दोन चकरा मारून तो वैतागायचा, भाऊ मात्र कंडेन्सर हातात फिरवत बसलेले.

ही १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या आसपासची गोष्ट. रंगीत टीव्हीची हवा सुरू झाली होती आणि रेडिओचा धंदा उतरणीला लागला होता. मी शाळेतून थेट तिथे जायचो. भाऊंनी मला कधी 'ये' म्हटलं नाही आणि कधी 'जा'ही म्हटलं नाही. पहिले कित्येक दिवस नुसता स्टुलावर बसलो. मग एकदा त्यांनी एक मुका ट्रान्झिस्टर माझ्यापुढे सरकवला. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकव, बोट त्याच्या लोखंडाला लाव. लावलं. स्पीकरमधून घूंऽऽ आवाज आला.

"आवाज येते ना? मंग अर्धा रेडिओ जित्ता हाये. मेलेला अर्धा धुंड."

म्हणजे स्पीकरकडची बाजू ठीक, बिघाड एरियलकडच्या बाजूला. मग तो अर्धा पुन्हा अर्धा करायचा. शेजारी एक चालू रेडिओ ठेवून त्यावर काट्याच्या वरच्या टोकाचं एखादं स्टेशन लावायचं आणि मुक्या रेडिओचा काटा खाली हळूहळू फिरवायचा. चांगल्या रेडिओत एका जागी शीळ घुमली, की मुक्याचा ऑसिलेटर चालू आहे. तो स्वतःच्या काट्यावरच्या स्टेशनच्या ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो, म्हणून ती शीळ. मुका रेडिओ दुसऱ्या रेडिओच्या तोंडून बोलतो, हे पाहून मी थक्क झालो होतो. आज पुण्यात सॉफ्टवेअरमधला बिघाड शोधून पोट भरतो, तो याच हिशेबाने: मधोमध बोट लावायचं, आणि जित्ता अर्धा सोडून द्यायचा. कॉलेजात हेच मोठ्या नावाने शिकवलं, पण तोवर माझं शिकून झालं होतं.

आमच्या ऑफिसात हल्ली पोरं स्वतःला कौतुकाने 'गीक' म्हणवून घेतात, छातीवर तसं छापलेले टी-शर्ट घालतात. हा शब्द अमेरिकेतल्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणाऱ्या माणसासाठी होता, हे त्यांना सांगितलं की हसतात. 'हॅकर'ची सुरुवात त्या मानाने सोज्वळ. एमआयटीतल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबात, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, रुळांखालचे रिले रात्र रात्र जोडणारी ती पोरं. आपल्याकडचा 'किडा' निदान त्या पोरांच्या जातीचा आहे. कपाशीवरच्या किडीने झोप उडणाऱ्या वऱ्हाडात 'कॉम्प्युटरचा किडा' हे कौतुक व्हावं, याची मला गंमत वाटते. पण भाऊंच्या वाट्याला ते कौतुक आलं नाही. त्यांच्या वेळी त्या शब्दाचा अर्थ 'धंदा न कळणारा माणूस' एवढाच होता. टी-शर्ट घालणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना ही उपाधी फार स्वस्तात मिळाली, इतकंच.

भाऊंकडे 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे अंक यायचे. सर्किट ते बोटाने वाचत, इंग्रजी मजकूर मात्र त्यांना जड जाई. मी वाचून मोडक्या मराठीत सांगायचो, ते आकृतीवर पेन्सिल फिरवत मला उलट समजावायचे. मला ही शिकवणी वाटायची. फुकट शिकतोय याचा संकोचही वाटायचा, कारण मी नेलेले ट्रान्झिस्टर, कॉइल, स्पीकर यांचे पैसे ते कधी मागत नसत. वहीत मांडत मात्र असत.

अमरावतीच्या सरकारी इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा उधारी फेडायला गेलो. घरून पैसे मागून घेतले होते. भाऊंनी वही उघडली. डावीकडे माझ्या नावावर पार्ट, तारखेसकट. उजवीकडे प्रत्येक अंकापुढे 'वाचनाई'. रक्कम पानांवर लावलेली. बेरीज केली तर देणं त्यांच्याकडेच निघत होतं.

"भाऊ, हे काय? शिकवलं तुम्ही."

"त्याचा हिसाब मी नाई मांडला. तू बी मांडू नको." गल्ल्यातून नोटा मोजून त्यांनी माझ्या खिशात कोंबल्या. मग टेबलाखालून नवा अंक काढला. "आता आलाच हायेस तर हे एवढं सांगून जाय."

ते एवढं म्हणजे चार पानं निघाली, आणि अमरावतीची एसटी हुकली.