खडकानंच खडक तोलावा

परंड्याच्या शिवारात विहीर खणणाऱ्याला खडकाची जात पहारीच्या आवाजावरून कळते. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण आणि मध्येच एखादा गेरूसारखा तांबडा थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. दोन थरांमधल्या काळात जो पृष्ठभाग कुजला आणि वरच्या लाव्हानं भाजला, तोच हा तांबडा थर. विहिरीत हा सगळा खडक पायाखाली असतो, बोगद्यात डोक्यावर.

उजनीचं पाणी बोगद्यानं मिरगव्हाणपर्यंत आणायचं आणि तिथून उपसून सीना-कोळेगाव धरणात सोडायचं, ही कृष्णा-मराठवाडा योजनेची आखणी आमच्या तालुक्यात सर्वांना पाठ आहे. पाणी किती आणि कधी, याची चर्चा पारावर नेहमीची. बोगद्याचं छत कशाच्या जोरावर टिकतं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं आयुष्य त्याच कामात गेलं, म्हणून सांगतो.

छत टिकतं ते रॉक बोल्टच्या, म्हणजे खडकात भोक पाडून बसवलेल्या पोलादी कांबेच्या जोरावर. एखादा सुटा दगड वरच्या पक्क्या खडकाला टांगायला हा बोल्ट वापरतात, हे खरं. पण त्याची मोठी ताकद वेगळीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या स्नोई माउंटन्स प्रकल्पावर 1950च्या दशकात टॉम लँग या अभियंत्यानं ती दाखवून दिली. त्यानं खडी भरलेल्या भांड्यात छोटे बोल्ट बसवून ताणले आणि भांडं उपडं केलं. खडी पडली नाही! बोल्टच्या ताणानं खडे एकमेकांवर दाबले गेले आणि त्या सुट्या खडीचाच एक तोलणारा थर तयार झाला. बोल्टची लांबी दोन बोल्टमधल्या अंतराच्या निदान दुप्पट असावी, हा त्याचा नियम आजही उपयोगी पडतो.

आपल्या काळ्या पाषाणाला हे फार लागू पडतं. दगड लोखंडासारखा, पण उभ्या-आडव्या सांध्यांनी चिरलेला. सुरुंगानं सांधे उघडले की पाचरीसारखे दगड सुटतात. एक निसटला की शेजारच्याचा आधार जातो. म्हणून मक, म्हणजे सुरुंगानं फुटलेला दगड, काढताना पहारीनं छत ठोकून पाहायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तो दगड पाडायचा, आणि खडक आणखी सैल व्हायच्या आत बोल्ट मारायचे. उशिरा मारलेला बोल्ट आधीच हललेला खडक धरतो, आणि ते काम दुप्पट जड असतं. तांबड्या थरात बोल्टचं टोक त्या थरापलीकडच्या पक्क्या काळ्या पाषाणात रुतलं पाहिजे आणि वर लगेच शॉटक्रीट, म्हणजे दाबानं फवारलेलं काँक्रीट, हवं. हवापाणी लागलं की हा थर भुसभुशीत होतो.

कौशल्य खरं लागतं ते भोकात. रेझिनची कॅप्सूल आधी आत सरकवायची, मग कांब फिरवत घालायची. प्लास्टिक फाटून आतले दोन पदार्थ मिसळतात आणि घट्ट होतात. कमी फिरवली तर मिश्रण कच्चं राहतं. जास्त फिरवली तर घट्ट होत आलेलं रेझिन तुटतं. भोक गरजेपेक्षा रुंद असेल तर रेझिन नीट मिसळत नाही आणि प्लास्टिक कांबेभोवती गुंडाळलं जातं. चांगला ड्रिलर हे सगळं हातानं ओळखतो. अशा माणसांना मी गुरू मानलं आहे.

जॅक लावून बोल्ट ओढून पाहतात, त्या चाचणीवर लोक फार विसंबतात. ग्राउटची, म्हणजे कांबेभोवती भरलेल्या रेझिन किंवा सिमेंटची, थोडी लांबी जरी चांगली धरली असेल, तरी बोल्ट त्या चाचणीत पास होतो. उरलेलं भोक रिकामं असलं तर तिथं पाणी शिरतं आणि कांब गंजत जाते. एका कामावर बोल्टची संख्या मोजून बिलं निघत होती, भोकं भरली का हे पाहायची कुणाला सवड नव्हती. त्या छताखालून जाताना मला कधीच स्वस्थ वाटलं नाही.

बोगद्यावर रुजू होणाऱ्या आपल्या भागातल्या तरुण इंजिनिअरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नकाशातलं दोन बोल्टमधलं अंतर हे कमाल समजा. प्रत्येक सुरुंगानंतर छताचे सांधे स्वतः पाहा आणि जिथं सांधे दाट तिथं जादा बोल्ट मागून घ्या. आणि सही करण्याआधी ग्राउट भोकाच्या तोंडापर्यंत आलंय का, बोल्टच्या तोंडाची प्लेट खडकाला टेकलीय का, हे हात लावून तपासा.