स्टोमाभोवतीचे दोन मिलिमीटर

लखनौच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत अवध आणि पूर्वांचलातल्या खेड्यांतून येणाऱ्या काही रुग्णांच्या लहान आतड्याला विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, भोक पडलेले असते. पोटात घाण पसरलेली, रुग्ण अत्यवस्थ. अशा वेळी आतडे शिवून आत सोडणे धोक्याचे वाटले तर शल्यविशारद त्याचे तोंड पोटाच्या भिंतीतून बाहेर आणतात. हाच स्टोमा, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा असेल तर त्याला इलिओस्टॉमी म्हणतात. जीव वाचतो. त्यानंतर आतडे पुन्हा जोडले जाईपर्यंतचे काही महिने कसे जातील, हे मात्र नाण्याएवढ्या त्या तोंडाभोवतीची त्वचा ठरवते.

पोटावरच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो आणि किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५. इलिओस्टॉमीतून दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर पातळ स्राव येतो. तो जवळपास उदासीन असतो आणि त्यात स्वादुपिंडातून आलेली, प्रथिने पचवणारी विकरे अजून कार्यक्षम असतात. डाळीतले प्रथिन आणि त्वचेतले प्रथिन हा भेद त्यांना कळत नाही. काही तासांत लाली येते, मग त्वचा सोलवटून पाझरू लागते. पाझरत्या त्वचेला पिशवी धरत नाही, म्हणून गळती वाढते. गळतीने त्वचा आणखी पाझरते. मोठ्या आतड्याचा स्टोमा असेल तर मल घट्ट असतो, विकरे बरीच निष्प्रभ झालेली असतात आणि त्रास त्या मानाने कमी होतो.

हे चक्र तोडते ती पिशवीमागची चिकट तबकडी. चिकटपणाचे भौतिकशास्त्र शिकवताना वर्गात हटकून पालीच्या पायांचे उदाहरण दिले जाते. ही तबकडी त्याहून सरस उदाहरण आहे. तिच्याकडून दोन परस्परविरोधी कामे हवी असतात. पाण्याला अडवायचे आणि घाम शोषायचाही. म्हणून पॉलिआयसोब्युटिलीनसारख्या रबरी बहुवारिकात पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजपासून केलेल्या डिंकासारख्या पदार्थाचे कण मिसळलेले असतात. रबर चिकटते, कण ओल पिऊन फुगतात. दाबाने चिकटणारा पदार्थ पुरेसा मऊ असावा लागतो, म्हणजे त्याचा प्रत्यास्थता गुणांक सुमारे तीन लाख पास्कलच्या खाली हवा. तरच तो त्वचेच्या बारीक रेषांमध्ये उतरतो. परिचारिका तबकडी लावण्यापूर्वी ती मिनिटभर तळहातांत धरायला सांगतात, त्यामागे हेच आहे.

या तबकडीची पूर्वज सातपुड्याच्या वाचकांना ओळखीची वाटेल. डोंगरउतारावर पांढऱ्या, चकचकीत खोडाचा कांडोळ उभा असतो. त्याच्या डिंकाला व्यापारात कराया म्हणतात. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यविशारद रुपर्ट टर्नबुल यांनी या डिंकाची भुकटी स्टोमाभोवतीच्या त्वचेसाठी वापरायला सुरुवात केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रायन ब्रुक यांनी आतड्याचे टोक बाहीसारखे उलटवून शिवण्याची पद्धत मांडली, त्यामुळे स्टोमा त्वचेपासून थोडा वर राहू लागला आणि स्राव थेट पिशवीत पडू लागला. पुढे १९५८ मध्ये टर्नबुल यांनी नॉर्मा गिल यांना रुग्णालयात कामाला घेतले. त्या परिचारिका नव्हत्या, त्यांचीच पूर्वीची रुग्ण होत्या. त्यांना स्वतःला इलिओस्टॉमी होती. स्टोमाच्या शुश्रूषेचा स्वतंत्र व्यवसाय तिथून उभा राहिला. या निवडीतली समज आजही दुर्मीळ आहे.

लखनौत मे-जूनच्या लूमध्ये घाम आणि पुढे पावसाळ्यातला दमटपणा तबकडीतल्या कणांची शोषणक्षमता लवकर संपवतो. एरवी तीन-चार दिवस टिकणारी तबकडी मग आधीच बदलावी लागते, आणि रोजंदारीवरच्या घराला तो खर्च जड जातो. साहजिकच घरचे लोक ती आठवडाभर ताणतात. कडा उचलली गेली की वरून पट्टी मारतात. स्राव आतच कोंडतो. सोललेल्या कातडीला मायेने सरसोंचे तेल चोळले जाते आणि त्या तेलकट थरावर पुढची तबकडी तासभरही टिकत नाही. साधे पाणी, मऊ कापडाने टिपून कोरडे करणे, तेल-स्पिरिट-सुगंधी साबण पूर्ण वर्ज्य. काढताना तबकडी ओढायची नाही, एका हाताने त्वचा दाबत हळूहळू सोडवायची. पिशवी अर्धी भरण्याआधी रिकामी करायची, कारण वजनाने तबकडी खालून सुटते.

सर्वांत जास्त चुकते ते माप. तबकडीचे भोक स्टोमापेक्षा साधारण दोन मिलिमीटर मोठे हवे. जास्त मोठे झाले तर उघडी त्वचा विकरांच्या तोंडी जाते; फार लहान झाले तर कडा आतड्याला कापते, आणि आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, त्यामुळे रक्त दिसेपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही. त्यातही शस्त्रक्रियेनंतर सुजलेला स्टोमा पुढचे सहा ते आठ आठवडे आकसत जातो. रुग्णालयातून घरी जाताना कापून दिलेला कागदी नमुना गावी जपून ठेवला जातो आणि महिन्याने त्याच मापाने कापलेल्या भोकातून बोटभर त्वचा उघडी पडलेली असते. म्हणून या काळात मापपट्टी दर आठवड्याला पुन्हा लावावी लागते.