इंजिन बंद, बोट चालू!

‘यार, गाडी बंद पडली’ या मेसेजमुळे आपण फार तर तासभर लेट होतो. हायवेच्या कडेला गाडी लावायची, मेकॅनिकला फोन, बॉसला सॉरी, तोवर एक कटिंग. समुद्रात मात्र ‘कडेला’ नावाची जागाच नसते. हे मला कळलं कैनाडला. आणि गंमत म्हणजे कैनाडहून समुद्र दिसतही नाही!

लोकल २०१३पासून डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे बीच, चिकू आणि वारली चित्रं असा आपला वीकएण्डचा डहाणू ठरलेला. स्टेशनपासून आत पाड्यांकडे वळलं की वेगळा डहाणू भेटतो. डहाणू-तलासरीतली कितीतरी पुरुषमंडळी पावसाळ्यातली भातशेती सांभाळून खलाशी म्हणून बोटीवर जातात. काही इथल्याच किनाऱ्यावर, काही थेट गुजरातेत पोरबंदर, वेरावळ, ओख्याला. मालकाकडून आधी उचल घ्यायची आणि सीझनभर राबून ती फेडायची.

असे बरेच सीझन काढलेल्या एका दादांना मी विचारलं, ‘‘वादळाची भीती वाटते?’’

‘‘वादळाची खबर तरी येते, ताई. इंजिन सांगून बंद पडत नाय.’’

मग अंगणातच त्यांनी मला अख्खं इंजिन समजावलं. मोठ्या बोटीला ट्रकसारखंच डिझेल इंजिन असतं. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा गेला की फिल्टर चोक. पाईपमध्ये हवा शिरली की इंजिन ‘एअर घेतं’. मग नट सैल करायचा आणि फेस थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत हातपंप मारत बसायचं. पंख्यात जाळं अडकलं तर कुणीतरी सुरा घेऊन पाण्यात उतरायचं. हे सगळं हलत्या बोटीत, कधी रात्री, टॉर्चच्या उजेडात.

‘‘आणि नाहीच सुरू झालं तर?’’

‘‘नांगर टाकायचा, वायरलेसवर सोबतच्या बोटीला हाक मारायची. ती ओढून नेते. एकदा नांगर धरेचना. इंजिन बंद, पण बोट चालू! रात्रभर कुठे चाललो, काय कळेना. उजाडल्यावर सोबतची बोट दिसली, म्हणून वाचलो.’’

ते हसले. मला हसता आलं नाही. कारण ओख्याच्या पुढे ‘कुठे चाललो’ या प्रश्नाला फार वजन आहे. सर क्रीकचा वाद सुटलेला नसल्याने भारत-पाकिस्तानची सागरी हद्द अजून दोघांनी मिळून ठरवलेली नाही. पाण्यावर रेघ नसतेच. बंद बोट प्रवाहाबरोबर पलीकडे गेली, तर गस्तीवाले इंजिनाची तब्येत विचारत नाहीत. मुक्काम कराचीचा तुरुंग. २००८च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा संपली तरी सुटका मात्र लांबत राहते. मार्च २०२४मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. मृतदेह घरी यायला मे उजाडला.

आपल्या ऑफिसात सर्व्हर डाउन झाला की निदान आयटीवाल्यांवर खापर फोडता येतं. इथे इंजिन मालकाचं. त्याचा फिल्टर कधी बदलायचा, सर्व्हिसिंगवर किती खर्च करायचा, हे मालक ठरवणार. बंद पडलं की पाण्यात उतरणार खलाशी. आणि बोट पकडली गेली की आत जाणारही खलाशीच. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे, जीपीएस आहे, वायरलेस आहे. सगळं आहे. पण त्याआधी एक स्वच्छ फिल्टर हवा, आणि तो बदलून मागायची खलाशाला सोय हवी.

दादांचा मुलगा यंदा पहिल्यांदाच बोटीवर जाणार आहे. मी म्हटलं, ‘‘त्याला काय शिकवलंत?’’

‘‘एअर काढायला शिकवलीय,’’ ते म्हणाले. ‘‘आणि सांगितलंय, उचल किती ते नंतर विचार. आधी मालकाला इंजिन चालू करून दाखवायला सांग.’’